घरातला खर्ज

विज्ञान शिकवणाऱ्या मास्तराचे घर विजेच्या बाबतीत अगदी निर्धोक असते, असा वाचकांचा समज असेल तर तो त्यांनी कृपा करून आजच सोडून द्यावा. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. ‘तीन पिनांपैकी वरची जाड पीन अर्थिंगची, तिची तार हिरवी, ती दिसायला बिनकामाची, पण माणसाचा जीव राखणारी तीच,’ हे वाक्य मी इतक्या वर्गांना सांगितले आहे की ते मला झोपेतही म्हणता येईल. परंतु माझ्या स्वतःच्या घरातली ही हिरवी तार भिंतीतून निघून पुढे कुठे जाते, हे पाहण्याची बुद्धी मला निवृत्तीनंतर चार वर्षांनी झाली. तीही आपणहून झाली नाही. एका गिटारीने ती मला दिली.

आम्ही मढचे. मुंबईच्या माणसाला मढ म्हटले की सिनेमा आठवतो. कारण पडद्यावर ज्या बंगल्यांत श्रीमंतांची लग्ने ठरतात आणि खून पडतात, त्यांतले पुष्कळसे बंगले आमच्या बाजूला आहेत. पण त्या बंगल्यांपलीकडे आमचा कोळीवाडा आहे. फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत वर्सोवा. बोट चुकली तर मार्वे-मालाडचा भला मोठा वळसा. घरात आई, आम्ही दोघे नवराबायको, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा. भाऊ होडीवर गेला, मी शाळेत गेलो. पुतण्या यांपैकी कुठेच गेला नाही. तो गिटार वाजवतो.

गेल्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून जुनी विजेची गिटार विकत आणली, तेव्हा साऱ्या घराने तिला गराडा घातला. आईने ती हातात घेतली, उलटीपालटी केली, तिच्या पाठीवर बोटांनी टकटक केले आणि निकाल दिला, “हिला पोट नाय. आवाज येल कुठून?”

ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने गिटारीचे सगळे शास्त्र एका प्रश्नात आणले होते. साध्या गिटारीला पोकळ पोट असते आणि तारेचा आवाज त्या पोटात घुमून मोठा होतो. या गिटारीचे अंग भरीव लाकडाचे. हिला हवेतला आवाज ऐकूच येत नाही. तारांच्या खाली लोहचुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादाची तार चुंबकापुढे थरथरली की त्या वेढ्यांत तिच्याच तालावर थरथरणारी नाजूक वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली जे दाखवून दिले, ते हेच. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बीचमने या तत्त्वावर पहिली विजेची गिटार तयार केली. ती दिसायला एखाद्या लांब दांड्याच्या तव्यासारखी होती आणि लोक तिला तवाच म्हणत. माझ्या लहानपणी आमच्या रेडिओवर व्हॅन शिप्ले यांची विजेची गिटार लागे. सिनेमाची गाणी ते तीवर वाजवत, आणि शब्द नसतानाही आम्हाला शब्द ऐकू येत.

हे सगळे मी आईला सविस्तर सांगितले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “म्हंजे वीजच गाते म्हन ना.”

पुतण्याच्या मनात मात्र एक निराळाच बेत होता. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते. आई काही धवलारीण नव्हे. पण तरुणपणी एका धवलारणीच्या मांडीला मांडी लावून ती इतक्या लग्नांत बसली आहे की ती गाणी तिला तोंडपाठ आहेत. ती तिने म्हणावीत, मागे याने हलक्या हाताने गिटार वाजवावी आणि ते सारे घरच्या घरी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असा तो बेत. त्यामागचे कारण त्याने बोलून दाखवले नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या घरात ते कुणाला बोलून दाखवावे लागत नाही.

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसे घरात, बाहेर पावसाची झड. ध्वनिमुद्रणाला याहून चांगला मुहूर्त कुठला? पुतण्याने लॅपटॉप मांडला आणि मीही, आयुष्यभर स्क्रू-ड्रायव्हर हाती धरलेला मनुष्य म्हणून, त्याचा मदतनीस झालो.

पहिल्या दिवशी त्याने गिटारीची वायर एका जोडणीने सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली. आवाज आला; पण गोणपाटात तोंड घालून कुणी बोलावे तसा. त्याचे कारण मी हुडकून काढले याचा मला अजून अभिमान आहे. गिटारीतून येणारी वीज अगदी अशक्त असते. माइकचे भोक तिच्याकडून जास्त काम मागते. अशक्त माणसाला भरलेला हंडा उचलायला सांगितला तर त्याच्या आवाजातला वरचा भाग जसा पहिल्यांदा जातो, तसे गिटारीचे बारीक, झळाळणारे स्वर त्यात मरून जातात. तिला असा कान हवा, की जो ऐकेल पुष्कळ आणि मागेल थोडे. हिशेबाच्या भाषेत सुमारे दहा लाख ओहम रोध असलेला. असा कान असलेली एक डबी बाजारात मिळते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. पुतण्या फेरीबोटीने जाऊन ती घेऊन आला. तिला दोन भोके होती: एक गिटारीला, एक आईच्या माइकला. गिटारीच्या भोकाशेजारचे बटण ‘इन्स्ट्रुमेंट’वर केल्याबरोबर गोणपाट दूर झाले.

दुसरी अडचण उशिराची. पुतण्या तार छेडी आणि कानावरच्या हेडफोनमध्ये तो स्वर मागाहून येई; फेरीबोट चुकलेला मनुष्य धावत धक्क्यावर यावा तसा. कॉम्प्युटर आवाज अखंड ऐकत नाही. तो सेकंदाला ४४,१०० वेळा त्याची मापे घेतो. माणसाच्या कानाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते आणि ते नीट टिपायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त मापे लागतात, म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी हा आकडा ठरला आणि पुढे तो रूढ झाला. पण ही मापे एकेक न हाताळता कॉम्प्युटर ती ओंजळीने उचलतो. पुतण्याची ओंजळ १०२४ मापांची होती. एवढी ओंजळ भरायला सेकंदाचा सुमारे त्रेचाळिसावा भाग लागतो. येताना एक ओंजळ आणि जाताना एक ओंजळ धरली तर हाच उशीर दुप्पट. हवेतला आवाज तेवढ्या वेळात पंधरा-सोळा मीटर जातो. म्हणजे मांडीवरची गिटार शेजाऱ्याच्या अंगणात वाजावी, अशी त्या पोराची स्थिती झाली होती. ओंजळ ६४ वर आणली तर कॉम्प्युटरला दम लागून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. शेवटी १२८ वर दोघांचे जमले.

आता काही उरले नाही, असे आम्हाला वाटले आणि त्याच वेळी तिसरी अडचण उघडी पडली. ती म्हणजे गुणगुण.

गिटार वाजत असताना ती लपून राही. पुतण्याने हात थांबवला, दोन ओळींमध्ये आई श्वास घ्यायला थांबली, की त्या रिकाम्या जागेत ती येऊन बसे. एकसुरी, खालच्या पट्टीतली, न थकणारी. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झुलते. अमेरिकेत ६० वेळा. गिटारीच्या सर्वांत जाड तारेची कंपने ८२ च्या आसपास; म्हणजे विजेचा सूर तिच्याही खाली. एखाद्या गवयाने पहाटे खर्ज लावून बसावे, तशी ती घराच्या भिंतींमधून अहोरात्र खर्ज लावून बसलेली असते; आपल्याला मात्र तिचा पत्ता नसतो. गिटारीला तो लागतो, कारण तिच्या त्या तांब्याच्या वेढ्यांना तारेची थरथर आणि विजेची थरथर यांत भेद करता येत नाही.

या दुखण्यावर फार पूर्वी एक उतारा निघाला आहे. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली एकाऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी बसवल्या, एकीतली विजेची दिशा दुसरीच्या उलट केली आणि चुंबकांची तोंडेही उलटसुलट ठेवली. तारेचा स्वर दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना खोडून टाकते. पण पुतण्याची जुनी गिटार एकेरी गुंडाळीची. मग आम्ही पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, मेणबत्ती लावली. पुतण्या खुर्चीसकट हळूहळू फिरू लागला. कारण एकेरी गुंडाळीची गिटार एका विशिष्ट दिशेला धरली की गुणगुण कमी होते. देव्हाऱ्याकडे तोंड केले तेव्हा ती सर्वांत कमी झाली. आईला यात काहीच नवल वाटले नाही.

कमी झाली, पण गेली नाही. त्यात आणखी एक खोड दिसली: पहाटे ती जास्त होई. बोटींचा आवाज नको, रस्त्यावरची वर्दळ नको, म्हणून पुतण्या मुद्दाम पहाटे उठून वाजवायला बसे आणि नेमकी तेव्हाच ती चढे. शिवाय तारांवर बोट टेकताना कधी कधी बारीक चिमटा बसतो, असे तो म्हणाला. तारा गंजल्या असतील, असे मी सांगितले.

एक दिवस आई माइकपुढे बसली. गाणे सुरू करण्यापूर्वी तिने त्याची लोखंडी जाळी कौतुकाने धरली आणि हात चटकन मागे घेतला.

“ह्यालापन मुंग्या हायेत,” ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. ‘पण’ म्हणण्याचे कारण असे की, मोरीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात, ही तिची तक्रार वर्षभर चालू होती. पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा मी स्वतः जाऊन नळाला हात लावून आलो होतो. मला काही झाले नाही. भावाने लावला, त्याच्या बायकोने लावला; कुणाला काही झाले नाही. “आई, वयाचं आहे हे. नसा दुखतात,” असे सांगून मी तिच्या हाताला चोळायला तेल आणून दिले. ती रोज रात्री इमानाने ते चोळी. हळूहळू तिने तक्रार करणे सोडले. मला वाटले, तेलाचा गुण आला.

आता पुतण्यापुढे सोपा मार्ग होता. कॉम्प्युटरला सांगितले, की ५० चा सूर काढ, १०० चा काढ, १५० चा काढ, तर तो पापणी लवायच्या आत तेवढेच सूर गाळून देतो. मीच म्हणालो, “गाळून टाक ना. एवढं मागे कशाला लागायचं?”

त्याने गाळले. गुणगुण गेली. पण गिटारीचे काही स्वर नेमके त्याच आकड्यांच्या आसपास राहतात. तेही तिच्याबरोबर गेले. आजारातून उठलेल्या माणसासारखी ती वाजू लागली. पुतण्या दोन-तीनदा ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, “काका, भिंतीला ओल आली आणि आपण वरून रंग मारला, तसं झालं हे. ओल कुठून येते ते बघायला नको का?”

मी विज्ञानाचा मास्तर. हे वाक्य मी बोलायचे होते. त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर मला थोडी लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी मी एक कोरी वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे, हा प्रयोगशाळेतला नियम मी पुन्हा स्वतःला लावून घेतला.

वायर बदलली. गुणगुण तशीच. दुसऱ्या सॉकेटमध्ये प्लग घातला. तशीच. लॅपटॉपचा चार्जर काढून तो नुसत्या बॅटरीवर चालवला, आणि काय आश्चर्य! चढलेली गुणगुण एकदम खाली बसली. ट्यूबलाइटवाली तेवढी किंचित उरली. तेव्हा गुन्हेगार चार्जर, असे ठरले. पुतण्याने मित्राचा चार्जर आणला. गुणगुण परत. मग आमचाच पहिला चार्जर, लॅपटॉप आणि गिटार असे सारे बिऱ्हाड छत्रीखालून शेजारी नेले आणि तिथल्या सॉकेटला लावले. गुणगुण नाही! तोच चार्जर, तीच गिटार, तोच वाजवणारा. वहीत मी लिहिले: ‘दोष वाद्यात नाही. दोष घरात.’

पण घरात कुठे? त्या रात्री जुनी मुद्रणे पुन्हा ऐकायची ठरली. गुणगुण केव्हा चढते, याची वेळ काढायची म्हणून. पडद्यावर आवाज रेघेसारखा दिसतो. गुणगुण चढली की रेघ जाड होते. एका पहाटेचे मुद्रण लावले. त्या दिवशी पुतण्या एकटाच वाजवत होता, पण आईच्या माइकचे बटण चुकून चालू राहिले होते. साडेपाचच्या सुमाराला रेघ एकदम जाड झाली.

“हे बघा, इथं,” पुतण्या म्हणाला. त्याने गिटारीचा आवाज बंद केला आणि नुसता माइक ऐकवला. पाऊस. मग लांबून पंपाची घरघर. आमच्याकडे नळाला पाणी येण्याची वेळ तीच, आणि वर टाकीत चढवायला भावजय पंप लावते. मग मोरीत हंडा ठेवल्याचा आवाज. मग आईचा आवाज. कुणाला उद्देशून नव्हे. पहाटे त्या मोरीत ऐकायला कोणी नव्हतेच. “आई गं,” एवढेच. मग जरा वेळाने पुन्हा हंड्याचा आवाज, आणि पुन्हा, “आई गं.”

हे मुद्रण आम्ही पाच वेळा तरी ऐकले होते. गिटारीतला दोष शोधताना ऐकले होते.

पुतण्या माझ्याकडे पाहत होता. मी खणातून टेस्टर काढला. पंप लावायला सांगितला आणि मोरीतल्या नळाला टेस्टरचे टोक लावले. आतला लाल दिवा लागला. फ्रीजच्या दांड्याला लावले. लागला. गिटारीच्या तारेला लावले. तिथेही लागला. मी भावाला ओरडून मेन स्विच बंद करायला सांगितला आणि ती रात्र आम्ही अंधारात काढली.

सकाळी वायरमन आला. त्याने मीटर लावला, पंप उघडला आणि मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन कुदळ मागितली. आमचे घर बांधले तेव्हा तिथे अर्थिंगचा खड्डा केला होता. असा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरतात. मीठ ओल धरून ठेवते आणि त्यामुळे वीज जमिनीत सहज उतरते. पण मीठ लोखंड खाते, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. वर खारी हवा, खाली खारी माती, आणि मधे जस्त चढवलेली लोखंडी तार. वायरमनने माती दूर केली तेव्हा तारेचा जो तुकडा वर आला तो बोटांत चुरगळला. घरातली प्रत्येक हिरवी तार जिथे जाऊन जमिनीला मिळायची, ते टोक केव्हाच उरले नव्हते.

मग सगळे कोडे माझ्याच फळ्यावरच्या आकृतीसारखे सुटले. पंपाच्या आतल्या गुंडाळीचे आवरण ओलीने खराब झाले होते आणि थोडी वीज त्याच्या लोखंडी अंगात उतरत होती. तार धड असती तर ती मुकाट्याने जमिनीत गेली असती. जमिनीचा रस्ता बंद झाल्यावर तीच हिरवी तार उलटी चालू लागली. पंपाचे दुखणे तिने घरभर वाटले. फ्रीजला, चार्जरला, चार्जरमधून लॅपटॉपला, लॅपटॉपमधून गिटारीच्या तारांना आणि माइकच्या जाळीला. नळाला ते पंपाच्या लोखंडी पाइपातून थेट पोहोचले. पंप बंद असतानाही चार्जरमधून झिरपणाऱ्या किंचित विजेला जायला वाट नव्हती. दिवसभराची गुणगुण ती हीच. रक्षण करण्यासाठी घातलेली तार तुटली की काय करते, हे मी तीस वर्षांत एकदाही शिकवले नव्हते. अभ्यासक्रमात ते नव्हते.

आणि आम्हाला नळाला मुंग्या का आल्या नाहीत? आम्ही सगळे मोरीत रबरी चपला घालून जातो. आई जात नाही. देवाचे पाणी भरायचे म्हणून ती अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहते. त्या वर्षभरात घरातली फुटलेली वीज जमिनीत जायला जो एक रस्ता शोधत होती, तो माझ्या आईच्या अंगातून जात होता.

“अजून थोडीच गळत होती म्हणून मुंग्यांवर भागलं, मास्तर,” वायरमन म्हणाला. “या पावसात पंपात आणखी ओल गेली असती तर...” पुढचे तो बोलला नाही. मलाही विचारवले नाही.

त्याने नवा खड्डा केला, तांब्याची पट्टी घातली, पंप बदलायला लावला आणि मेन स्विचजवळ एक नवे बटण बसवले. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे मधेच कुठेतरी कुणाच्या अंगातून ती वाट काढू लागली, की हे बटण क्षणार्धात सगळे बंद करते. आमची हकीगत ऐकून गल्लीतल्या आणखी काही घरांनी त्याला आपापल्या अंगणात बोलावले. त्या आठवड्यात त्याची कुदळ कोरडी राहिली नाही.

संध्याकाळी मी आईजवळ जाऊन बसलो. काय झाले ते तिला सांगितले. पंप, तार, मीठ, सगळे. शेवटी म्हणालो, “आई, तू सांगत होतीस ते खरं होतं. मी ऐकलं नाही.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मना वाटला, तू मास्तर हायस. तू बोलतंस वयाचा, तर वयाचाच असल.”

तिने मला क्षमा केली असे म्हणावे, तर ती रागावलीच नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या हाताला जे कळत होते त्याहूनही जास्त. तिने रात्रीमागून रात्र ते तेल चोळले ते त्या विश्वासापोटी. मला वाटते, ती रागावली असती तर मला सोपे गेले असते.

नारळी पौर्णिमेला दुपारी भाऊ होडीची पूजा आटोपून आला, तेव्हा आम्ही ध्वनिमुद्रणाला बसलो. आईने नवी साडी नेसली होती. पुतण्याने माइक पुढे केला. तिने एक बोट पुढे केले, जाळीला लावले, थांबली. मग सबंध मूठ तिच्याभोवती आवळली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. पुतण्याने गिटार देव्हाऱ्याकडे फिरवली. तिने पहिले कडवे म्हटले आणि श्वास घ्यायला थांबली. त्या रिकाम्या जागेत या वेळी कोणीच येऊन बसले नाही. बाहेर पागोळ्या गळत होत्या, तेवढ्या ऐकू आल्या. आणि आईचा श्वास.

ते मुद्रण आता घरातल्या सगळ्यांजवळ आहे. पहाटेचे ते जुने मुद्रणही पुतण्याने पुसून टाकलेले नाही. त्याला त्याने ‘मुंग्या’ असे नाव दिले आहे. मी ते पुन्हा ऐकलेले नाही. पण ते आहे, हे मला माहीत असते.

हल्ली आई काही म्हणाली की मी आधी खणातला टेस्टर काढतो. परवा ती ओट्यावर बसली होती. ऊन पडले होते. मी सवयीने विचारले, “आई, मुंग्या नाहीत ना?”

“मुंग्या नायत,” ती म्हणाली. “गुडघं दुखतान. तिथंपन लावून बघ तुझा टेस्टर.”